डोंग्यामागच्या गळाची काठी

बाबा, काल शाळेत मुलींना बांबूचा धडा शिकवायचा होता आणि मी सगळा वेळ गळाच्या काठीवरच बोलत राहिले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली. आपल्या घरात परीक्षा पास झालेली मी पहिली, तरी मला सगळ्यात नीट येतं ते तेवढंच.

समुद्रापार कुठे लढाई लागली आणि आपल्या कापसाचा भाव चढला, ती वर्षं. शेजारच्या गावात मुलींची शाळा निघाली होती आणि मला जायचंच होतं. आपल्या घरी राहणारी तुमची थोरली बहीण, माझी आत्या, मात्र ऐकेना. "शिकून काय करन ते? माशायले पोथी वाचून दाखवन?" मासे म्हटल्यावर तुम्हाला सुचलं. गळाची काठी मी निवडायची. चालत्या डोंग्यामागे गळ ओढून त्या काठीवर मरळ आली तर शाळा, काठी मोडली तर चूल.

अमरावतीच्या बाजारात कापसाच्या गाड्या रिकाम्या करून लोक बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घेताहेत, आणि तुम्ही मला घेऊन मेळघाटातून आलेल्या बांबूंच्या ढिगासमोर उभे. गावातले एक काका विचारतात, पाटील, शेती सोडली का. तुम्ही हात मागे बांधता. "तुले पटते ते उचल. मी बोलनार नाही." मी जाड, सरळ, देखण्या काठ्या बाजूला सारते. उरलेल्यांचा शेंडा वाकवून सोडते, थरथर किती टिकते ते पाहते आणि एक बारीक, बुंध्याला भरीव, जराशी तिरकी काठी उचलते. मासा गळ धरतो तेव्हा डोंगाही पुढे ओढत असतो. ताठ काठी त्याचा ओठच फाडते, असं मी तुम्हाला समजावलं. तुमच्या मिशा हलल्या. "हे कोनं सांगतलं तुले?" मी म्हणाले, मीच विचार करून काढलं.

कौंडण्यपूरच्या डोहात तुम्ही वल्हवत होता, मी मागे काठी धरून. तिसऱ्या फेरीला शेंडा पाण्यात गेला आणि मी रडायलाच लागले, मोडली म्हणून. "मोडत नाही थे. वाकू दे तिले." मरळ डोंग्यात पडल्यावर नाचलात मात्र तुम्ही, आणि आपण दोघं पाण्यात पडता पडता राहिलो. घरी आत्याने मासा पाहून नाक मुरडलं आणि मसाला वाटायला घेतला. सोमवारी मी शाळेत गेले.

आता राहिलेलं सांगते. बाजाराच्या आदल्या दिवशी तुम्ही खळ्यात असताना आत्याने मला चुलीपाशी बसवलं आणि जळणातल्या तुऱ्हाट्या वाकवून वाकवून सगळं शिकवलं. शेंडा, थरथर, बुंधा, माशाचा ओठसुद्धा. लहानपणी आजोबांच्या काठ्या तीच निवडून द्यायची म्हणे. "भावाले सांगशीन तर पाह्य," एवढं बजावलं, आणि तुम्ही घरात येताच पुन्हा माझ्या शाळेला नावं ठेवू लागली.

मी तुम्हाला सांगितलं नाही. ठरल्याप्रमाणे पाहिलं तर बाबा, त्या सोमवारी शाळेत जायला हवं होतं ते आत्याने. पाटी मी घेतली, आणि ती तिला द्यावी असं मला तेव्हा एकदाही वाटलं नाही.