हरिदासकाकांचा गोल ‘क’

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

सापडले! ज्यांच्या पाट्यांचे फोटो काढत सहा महिने वर्धा पालथं घातलं ते पेंटर हयात आहेत, आणि सेवाग्राम रोडवर, माझ्या घरापासून सायकलनं वीस मिनिटांवर राहतात. हरिदास पेंटर. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

हे खूळ ऑनलाइन वर्गात फ्युचुरा नावाचा इंग्रजी फॉन्ट शिकले तेव्हाचं. १९२७, जर्मनी — वर्तुळ, त्रिकोण, सरळ रेघ, बाकी वेलबुट्टी कटाप. शंभर वर्षं होत आली तरी ते अक्षर म्हातारं होत नाही. चंद्रावर गेलेली पहिली माणसं तिथं जी पाटी ठेवून आली, तिच्यावरही तेच. आणि आमच्या वाचनालयाच्या पाटीवरचा ‘क’ त्याचा सख्खा भाऊ! मला या अक्षरांचा फॉन्ट करायचाय. पाट्या भराभर उतरताहेत. त्यांच्या जागी जे फ्लेक्स लागतात ते दुकानात बसून मीच छापते. म्हणून जास्त घाई.

१० नोव्हेंबर

त्यांच्याकडे जाऊन आले. जयभीम झाला, चहा झाला, मग विचारलं — हे अक्षर आलं कुठून? म्हणे, बहात्तर साली कोणा पाहुण्यानं टाकून दिलेलं, अशाच गोल अक्षरांचं इंग्रजी कॅलेंडर हाती लागलं. “म्या म्हटलं, आपल्या अक्षरायनं काऊन असं राहू नये?” मग घरातल्या डब्यांची झाकणं ठेवून गोल काढायला लागले.

आतून त्यांची बायको, धुरपताकाकू: “तवा माह्या एकाबी डब्याले झाकण नोतं. साखरेले मुंग्या!”

फॉन्टला काका हो म्हणाले, पण अट घातली. “माहं अक्षर असंन तरच काढजो. मी पाहून सांगीन.” त्यांच्या होकाराशिवाय फॉन्ट बाहेर काढायचा नाही. कबूल केलं. होकार मिळणारच!

१५ नोव्हेंबर

सगळी अक्षरं तयार. एकेक गोल इतका अचूक की कंपासानं लाजावं. उद्या दाखवणार.

१६ नोव्हेंबर, रविवार

काकांनी पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. “मेलं हाय हे.”

असा राग आला! झाकणाइतका नेमका गोल काढला आणि म्हणे मेलं. मग त्यांनीच खडू घेऊन अंगणात बसवलं. झाकण नुसतं खडूपुरतं. रंग भरताना, गोल जिथं दांडीला चिकटतो तिथं ब्रश बारीक करायचा, नाहीतर ढेकूळ दिसतं. आडवी रेघ उभीहून जराशी बारीक. “गोल दिसाले गोल पायजे, मेघा. मोजाले नाई.”

फ्युचुराचंही हेच झालं होतं — कंपासातले पहिले आकार पुढे डोळ्यानं सुधारले. मी वहीत लिहूनसुद्धा घेतलं होतं. डोक्यात शिरलं आज. घरी येताना सायकल अशी पळवली की चेन पडली.

२१ नोव्हेंबर

सगळं पुन्हा पहिल्यापासून. आमच्या दुकानाचे मालक प्रफुलभाऊ मागे येऊन उभे. “सोमवारपासून एकच ‘क’ करून राह्यली तू?” हो म्हटलं. ते गेले.

२७ नोव्हेंबर

‘ळ’ जमला!! ‘ळ’!!

३० नोव्हेंबर, रविवार

काकांपुढे दोन कागद ठेवले, कोणता कशाचा ते न सांगता. एकावर वाचनालयाची पाटी, त्यांच्या हातची, त्र्याहत्तर सालची; फोटोवरून जशीच्या तशी काळ्या रंगात छापलेली. दुसऱ्यावर तीच ओळ, तेवढीच, माझ्या फॉन्टमध्ये. मोतीबिंदू काढल्यापासून काका सुईत दोरा ओवतात, तेव्हा नजरेचा प्रश्न नाही.

बराच वेळ पाहिलं. माझ्या कागदावर बोट ठेवलं. “हा माहा. काढ फॉन्ट.”

मग पाटीचा कागद माझ्या हातात दिला. “हे कोन्या शिकाऊचं होय? मोजून मोजून गोल काढून राह्यला बिचारा.”