स्वेटर ट्रंकेत, किल्ली मुरबाडला

सापगावच्या पुढची वाडी, ता. शहापूर
रविवार, २७ एप्रिल १९९७

श्री. ज्ञानेश्वरराव यांस,

तुमचे एकुलते एक दाजी वाल्मिक मास्तर यांचा, थंडीने बोटं वाकडी झाल्यामुळे अक्षरातही थोडा वाकडा दिसणारा, नमस्कार. आईंच्या पायांवर डोकं ठेवतो (बऱ्या पायावर; दुखऱ्यावर नुसतं लांबून). वहिनींचा खोकला गेला असेल. तुमची भाताची गिरण नीट चालत असेल आणि तुम्ही तिच्या आवाजात अजूनही सगळ्यांना हो म्हणत असाल.

पत्राला निमित्त दीड इंचाची एक पितळी किल्ली. या किल्लीविरुद्ध माझी गंभीर तक्रार आहे, आणि ती तुमच्याकडे नोंदवण्याचं कारण असं की आरोपी सध्या तुमच्याच घरी, तुमच्या बहिणीच्या कमरेला, सुखाने लटकत आहे. आमच्या घरचा रिवाज तुम्हाला ठाऊक नसेल. धुळवड झाली की घरातलं लोकरीचं जे काही असेल ते कडुनिंबाचा पाला आणि डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत जातं, ट्रंकेला कुलूप लागतं आणि ते दिवाळीपर्यंत उघडायचं नसतं. मध्ये उघडलं तर कसर लागते, असं तुमच्या बहिणीचं मत आहे. (शास्त्राधार मी एकदा विचारला होता. त्या दिवशी आमटी अळणी झाली.) यंदाही धुळवडीला ट्रंक बंद झाली, आणि त्याच संध्याकाळी तुमचा निरोप आला की आई ओटीवरून पडल्या, घोट्याचं हाड चिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमची बहीण पंधरा दिवसांसाठी म्हणून मुरबाडला निघाली, ती किल्ल्यांच्या जुडग्यासकट. पंधरा दिवसांचा आज चौतिसावा दिवस. तुमच्या मागच्या पत्रात आई काठी टेकत मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन येतात असं वाचलं. फार आनंद झाला. देऊळ तुमच्या घरापासून बरंच लांब आहे, हेही त्या आनंदात आठवलं.

आता हवामान. एप्रिलात माणसाने उन्हाबद्दल कुरकुर करावी, हा आपल्या तालुक्याचा शिरस्ता. पण गुरुवारी संध्याकाळी माहुलीच्या सुळक्यांवर ढग बसले, बोराएवढ्या गारा पडल्या, कैऱ्यांचा अंगणात सडा झाला, आणि शुक्रवारी पहाटे कसाऱ्याच्या घाटाकडून असा वारा सुटला की मार्गशीर्ष वाट चुकून इकडे आला असं वाटावं. शाळा सकाळची, त्यात वार्षिक परीक्षा. म्हणजे सहाला सायकल काढायची आणि आठ किलोमीटर वाऱ्याच्या तोंडावर मारायची. सायकलवर थंडीचा एक विशेष आहे. चालणाऱ्याला ती लागते, सायकलवाल्याला ती शोधत येते. सदऱ्याच्या कोणत्या बटणाखाली फट आहे हे तिला आपल्याआधी कळतं. शीत आणि उष्ण दोन्हींत मन सम ठेवावं, हे मी गेली बावीस वर्षं वर्गात पंख्याखाली बसून शिकवत आलो. सापगावच्या पुलावर ते शिकवायची वेळ आली नव्हती, म्हणून निभावलं.

शुक्रवारचा पोशाख असा: दोन बनियन, दोन सदरे आणि दोन सदऱ्यांच्या मध्ये छातीवर आडवी घातलेली वर्तमानपत्राची घडी. (ही युक्ती आमच्या वाडीतल्या चंदरची. तो कसाऱ्याला रेल्वेत गँगमन आहे आणि माघात पहाटे रुळांवरून चालतो, म्हणून त्याचा शब्द प्रमाण मानला.) हातांत मोजे नव्हते, तेव्हा पायमोजे हातांत घातले. त्यामुळे घंटी वाजवता येईना, म्हणून वाटेतल्या म्हशींना तोंडी विनंती करत गेलो. वर्तमानपत्र मात्र ऊब देतं, हे खरं. पण वर्गात पर्यवेक्षणाला उभा राहिलो आणि लक्षात आलं की मी जरा वाकलो की माझ्यातून चुरचुर आवाज येतो. नववीचा वर्ग, संस्कृतचा पेपर, चिडीचूप शांतता, आणि मास्तर चुरचुरताहेत. शेवटी मुख्याध्यापक दाराशी आले, माझ्या छातीकडे बघत म्हणाले, "वाल्मिक, मुलांच्या चिठ्ठ्या पकडून तिथं ठेवतोस का रे?" मी एक पान बाहेर काढून दाखवलं. त्यांनी ते तिथेच उभ्याने वाचायला घेतलं आणि परत दिलं नाही.

त्या पेपरात मीच एक प्रश्न घातला होता: ग्रीष्म ऋतूवर संस्कृतात पाच वाक्यं लिहा. सगळ्यांनी पाठ केलेला तापलेला सूर्य आणि सुकलेली नदी लिहिली. एका मुलीने मात्र चार वाक्यं तशी लिहून पाचवं लिहिलं, "ग्रीष्मे गुरुः कम्पते." उन्हाळ्यात गुरुजी थरथरतात. व्याकरण निर्दोष, निरीक्षण स्वतःचं. पूर्ण गुण दिले. घरी येऊन हे सांगायला तोंड उघडलं, तर समोर फक्त माठ होता. माठाला सांगितलं.

काल शनिवारी घोंगडी घेतली. घोंगडी ट्रंकेत जात नाही, ती शेतावरची, म्हणून मोकळी होती. अंगाभोवती लपेटून निघालो, एखाद्या ऋषीसारखा दिसत असेन. पण ऋषी सायकलवर का बसत नाहीत, ते पुलाच्या अलीकडे कळलं. घोंगडीचा कोपरा चेनमध्ये गेला, सायकल जागच्या जागी थांबली आणि मी एकटाच थोडा पुढे गेलो. फार लागलं नाही. घोंगडी सोडवायला अर्धा तास गेला, आणि ती आता घोंगडी राहिली नाही, तिची झालर झाली आहे. पुन्हा घरी जाऊन शेवटी ती शाल काढली, माझ्या वीस वर्षांच्या सेवेबद्दल शाळेने नारळासोबत दिलेली. (लांबून पाहिली तर शाल दिसते. जवळून पाहिली तर पलीकडचं दिसतं.)

खरी हकिगत परतीच्या वाटेवरची. दुपारचे बारा वाजलेले, भुरभुर पाऊस, वारा तसाच. सापगावात धाऊंच्या मुलीचं लग्न होतं. धाऊ माझ्या ओळखीचे, मोठे शेतकरी, पण मी मांडवात शिरलो तो ओळखीपोटी नव्हे, मांडवामागे भाताच्या हंड्यांखाली मोठमोठे जाळ दिसले म्हणून. तिथे जाऊन हात शेकत उभा राहिलो. आता आपल्याकडच्या लग्नातली रीत तुम्हाला सांगायला नको. आलेल्या मानाच्या माणसाचा माईकवरून नाव पुकारून टॉवेल-टोपीने सत्कार होतो, आणि एका पक्षाने केला की दुसऱ्याला गप्प बसता येत नाही. नवरा मुरबाडकडचा. त्याचे मामा गोमा यांनी मला जाळापाशी पाहिलं, अंगावरची जरीची शाल पाहिली आणि त्यांची खात्री पटली की मुलीकडच्यांनी कोण्या मोठ्या माणसाला शाल घालून ठेवली आहे आणि आपण मागे राहिलो. ते भाच्यावर खेकसले, "अरे त्यांनी त्या पाव्हन्यांना शाल घातली, आन् आपुन काय, टॉवेल पन नाय?" कुणाला तरी विचारून माझं नाव माईकवर गेलं. मला धरून नेलं, टोपी घातली, गळ्यात टॉवेल आला. मी सांगू पाहत होतो की ही शाल माझीच आहे, पण बँडने ते गिळलं.

आता धाऊ गोंधळले. आपण शाल कधी घातली, हे त्यांना आठवेना, आणि व्याह्यांसमोर घातली नाही म्हणणं बरं दिसेना. ते माझ्या कानाशी आले. "मास्तर, तुमास्नी शाल आमी घातली का वो?"

मी म्हणालो, नाही.

"मंग कोनी घातली?"

"शाळेने."

"हां," ते म्हणाले, आणि शाळेपेक्षा आपण कमी पडू नये म्हणून त्यांनी आतून दुसरी शाल आणवली. तेवढ्यात नवरीच्या आत्याच्या यजमानांना वाटलं की आपल्यालाही मान राखायला हवा. असं होत होत माझ्या अंगावर दोन शाली, तीन टॉवेल आणि डोक्यावर एकात एक तीन टोप्या झाल्या. ज्ञानेश्वरराव, खोटं सांगत नाही, तीन दिवसांत पहिल्यांदा मला पुरती ऊब लागली.

एवढा मान घेतल्यावर लग्नाच्या भटजींनी एक मंगलाष्टक म्हणायला सांगितलं, ते टाळता येईना. गळ्यात अजून मुरलेल्या थंडीने "सावधान"मधल्या आकाराला आपोआप कंप आला आणि लोकांनी त्याला गायकी समजून मान डोलावल्या. अंतरपाट दूर झाला तेव्हा मी अगदी जवळ उभा होतो. नवरी पातळ शालूत कुडकुडत होती, हातांवर काटा आलेला. कुणाचं लक्ष नव्हतं. नवऱ्या पोराने काय करावं? कोट काढला नाही, नुसता दोन पावलं सरकून वाऱ्याच्या बाजूला उभा राहिला. वारा त्याच्या पाठीवर, ती आडोशाला. मला आपलं लग्न आठवलं. मी तेव्हा अंतरपाटाआड उभा राहून तुमच्या भटजींच्या उच्चारातल्या चुका मोजत होतो. अकरा निघाल्या होत्या. ते मी त्याच दिवशी तुमच्या बहिणीला सांगितलंही होतं. तिला त्या दिवशी गरम होत होतं की गार, हे मी अजून विचारलेलं नाही.

जेवायला गोमामामा शेजारी बसले. मुरबाडचं माणूस भेटलं की हल्ली मी जरा जास्तच गोड बोलतो, तुमच्या घराचा काही सुगावा लागतो का पाहतो. म्हटलं, गिरणीवाले ज्ञानेश्वरराव ओळखीचे का? "न वळखून कसं? आमचं भात तिथंच जातं की. त्यांची बहीन आलीय नव्हं आता? लय बोलकी बाई. गिरनीवर आली का सगळ्यांना हसवून सोडते."

मी म्हणालो, दुसरी कोणी असेल.

मग सगळा मान अंगावर घेऊन सायकलवर बसलो. नाक्यावर चहावाल्याने विचारलं, "मास्तर, कवा निवडून आलात?" घरी आलो. टॉवेल दोरीवर टाकले, टोप्या खुंट्यांवर लावल्या. शेजारची रखमी भाकरी घेऊन आली (अलीकडे ती आणते, तुमच्या बहिणीने जाताना सांगून ठेवलं आहे), तिला सगळी हकिगत पहिल्यापासून सांगितली. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "ते सगळं खरं, पन जनी कवा येनार, मास्तर?" भाकरी ठेवून गेली.

घर नीट आहे, हे तुमच्या बहिणीला सांगा. तुळशीला पाणी घालतो. मांजर बरं आहे. दूध दोनदाच उतू गेलं. संध्याकाळी दिवा लावतो आणि मग काय करायचं ते सुचत नाही म्हणून उत्तरपत्रिका तपासतो. त्याही काल संपल्या. ओटीवर बसलं की मुरबाडहून येणारी शेवटची एसटी दिसते. ती थांब्यावर थांबली की मी उगाच उठतो, आणि निघाली की चपला नीट लावून ठेवल्यासारखं करून पुन्हा बसतो.

तूर्त एवढंच. किल्लीचा विचार व्हावा.

तुमचा
वाल्मिक

ता. क. पत्र बंद करताकरता बाहेर लख्ख ऊन पडलं. टॉवेल वाळले. आता स्वेटर दिवाळीपर्यंत लागणार नाही. तरीही किल्ली पाठवा. पोस्टाने नको, एसटीच्या कंडक्टरच्या हाती तर मुळीच नको. जुडगं ज्यांच्या कमरेला आहे त्यांच्यासोबतच आलं तर बरं. मुरबाडहून सकाळी साडेआठची गाडी रिकामी असते, खिडकी मिळते.

ता. क. दुसरं. वरचं ता. क. तिला वाचून दाखवू नका. पत्रच दाखवू नका. तुम्हाला सांगितलं नाही, पण गेल्या रविवारी मी मुरबाडला आलो होतो. तुमच्या अंगणापर्यंत आलो. तुम्ही गिरणीवर असाल. आत वहिनींना जनी काहीतरी सांगत होती, "नाय गो, आमी नाय तसलं करीत," असं, एका दमात, मध्येच हसत. मी बाहेर उभा राहून ऐकलं. चोवीस वर्षं मी तिच्या "नाय"ला "नाही" करत आलो. आधी ती दुरुस्त करून बोलायची. मग कमी बोलायला लागली. आता आमच्याकडे "वाढू का" आणि "दार लावा", एवढंच होतं, आणि मी समजत होतो की तिचा स्वभावच अबोल आहे. मी दार वाजवलं नाही. दुपारच्या गाडीने परत आलो.

मी ये म्हटलं तर ती येईल. कारण विचारणार नाही, दुसऱ्या दिवशी पिशवी भरून येईल, याची मला खात्री आहे. पण यावंसं वाटून येईल का, हे मला माहीत नाही. थंडीचं काही नाही, ज्ञानेश्वरराव. मला हीच एक भीती वाटते.