शंकराचा डावा पाय

३ जून
हिने बावीस वर्षं क्लासमध्ये लोकांच्या मुली नाचवल्या. आता शिव-पार्वतीची नृत्यनाटिका बसवतेय आणि पार्वती स्वतः करणार आहे. चांगलंच आहे. शंकर म्हणून तिचा जुना गुरुबंधू येणार. तो उंच आहे. डोक्यावर केस आहेत. मला असूया अजिबात नाही, प्रश्न कलेचा आहे. शंकर मी करणार.

४ जून
हिने तीनदा विचारलं, नक्की का. मी म्हटलं, अठ्ठावीस वर्षं ऑफिसात नकाशे काढलेत, नाच म्हणजे तरी काय, रेषाच. ही कुकर लावायला उठली. पटलं असावं.

५ जून, सकाळी ६
संकल्प: रोज दोन तास रियाज. चहा बंद.
सकाळी ६.३०
चहा घेतला. रिकाम्या पोटी तांडव होत नाही.

८ जून
मुलींच्या रांगेत उभं राहून शिकणं मला शोभत नाही. हिला तांडव करायला लावून समोरून मोबाइलवर शूट केलं. आता बेडरूममध्ये प्रॅक्टिस. व्हिडिओत पाय ज्या बाजूला वर जातो, त्याच बाजूचा मी उचलतो. तंतोतंत.

२० जून
पहिली एकत्र तालीम. बाराच्या बारा मुली चुकीच्या बाजूला गेल्या. मी एकटा बरोबर. ही म्हणाली, शंकराचा डावा पाय वर असतो. मी पुरावा म्हणून व्हिडिओ दाखवला. व्हिडिओत बाई आपल्याकडे तोंड करून उभ्या आहेत काका, असं सातवीतल्या एका मुलीने मला समजावलं. उद्धट आहे.

२१ जून
सगळं फक्त उलटं करायचंय. एका दिवसाचं काम.

२७ जून
अर्धं सुलटं झालंय. कुठलं अर्धं, ते नाचताना कळतं.

४ जुलै
रंगीत तालीम. डावीकडे वळायचं होतं, उजवीकडे वळलो. तिथे पार्वती होती. माझा पूर्ण भार हिच्या घोट्यावर. ही मटकन खाली बसली. बर्फ आणायला मीच पळालो. प्रयोग आठ दिवसांवर. नाचता येईल की नाही ते डॉक्टर चार दिवसांनी सांगणार. बाथरूममध्ये जाऊन रडलो. घाम पुष्कळ आला होता, त्यात खपून गेलं.

८ जुलै
डॉक्टर म्हणाले, पट्टी बांधून नाचा. दुपारी गुरुबंधू आला. मी शंकर स्वखुशीने सोडला. तसं मला सांगण्यात आलं. मला नंदी दिलाय. नंदीवाचून शंकराला शोभा नाही. हालचाल नाही, मुखवटा आहे.

१२ जुलै
प्रयोग झाला. पंचेचाळीस मिनिटं प्रेक्षकांकडे पाठ करून बसलो. नंदीचं तोंड शंकराकडे, म्हणजे हिच्याकडेही. चार हातांच्या अंतरावरून बघत होतो. शंकराने डोळे उघडले आणि हिचा चेहरा असा काही उजळला, की लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा तसा नाही. टाळ्या थांबेनात.

मेकअप रूममध्ये सरळ विचारलं, त्याच्याकडे बघून एवढं खुलायची गरज होती का. ही घुंगरू सोडत होती. वर न बघता म्हणाली,
“त्याच्याकडे कुठे बघत होते? बावीस वर्षांनी स्टेजवर नाचत होते. आणि तुम्ही जागचे हलणार नाही, याची खात्री होती.”

मुखवटा अजून चेहऱ्यावरच होता. तो तसाच राहू दिला.