साक्ष नव्वद सेकंदांची

सोमवार, ३ फेब्रुवारी

आले एकदाची सोलापूरला. पुण्यात इतकी वर्षं टूथपेस्ट, गाद्या आणि केसांचं तेल विकलं, आता देवाचं काम. एजन्सीतले मित्र निरोप देताना म्हणाले, की चर्चला ब्रँडिंग कशाला लागतं, तुमचं चिन्ह दोन हजार वर्षं चाललंय. मी म्हटलं, चिन्ह चाललंय, पण पत्रकं कुणी वाचत नाही.

संस्थेचं नाव कृपाछाया सेवा मंडळ. शुक्रवार पेठेच्या मागे जुनं दगडी चर्च, त्याला लागून मुलींचं वसतिगृह, दवाखान्याच्या दोन खोल्या आणि शेवटी माझं ऑफिस. फाटकावरच्या दादांनी माझी बॅग आत आणून दिली. गाव कुठलं विचारलं तर नुसते हसले आणि हितलाच म्हणाले. सचिव सोमशेखर सर अक्कलकोटकडचे, बँकेतून निवृत्त झालेले. पहिल्या मिनिटापासून मला 'तंगी' म्हणतात, म्हणजे कानडीत धाकटी बहीण. इतका शांत माणूस मी आजवर पाहिलेला नाही.

संस्थेचं बोधचिन्ह बघून मात्र हसू आवरेना. क्रूस, कबुतर, उघडं पुस्तक, गव्हाची लोंबी, दोन हात आणि पृथ्वीचा गोल. फक्त प्रेशर कुकर घालायचा राहिला होता. संध्याकाळपर्यंत मी त्यातला नुसता क्रूस आणि एक हात ठेवला. सरांना आवडलं. म्हणाले, कमी केलं की चांगलं दिसतं.

रविवार, ९ फेब्रुवारी

इथली रीत अशी, की नवीन आलेल्या माणसानं पहिल्या उपासनेत उभं राहून साक्ष द्यायची. देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. मला गोड गोड बोलणं जमत नाही, म्हणून खरं तेच सांगितलं. माझी आई सारजाबाई याच गावातल्या एका दवाखान्यात वारली. मी उपास केले, गुडघे टेकले, रडले, आणि तरी ती गेली. देव नाही म्हणाला. का म्हणाला ते मला अजून कळलेलं नाही आणि माझा राग अजून गेलेला नाही, पण राग धरायला तरी मी त्याच्याच दारात येते.

चर्चच्या पाळकसाहेबांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, लगेच पुढच्या गीताचा नंबर सांगितला. सोमशेखर सर स्टँडवरच्या कॅमेऱ्यामागे उभे होते. संग्रहात ठेवू, म्हणाले. बाहेर आल्यावर वसतिगृहाच्या स्वयंपाकीण गोजामावशींनी माझा हात दाबला. म्हणाल्या, बरं बोललीस बाय, त्यालाबी कळू दे की.

बुधवार, १२ फेब्रुवारी

खरं काम सुरू झालं. परदेशातल्या देणगीदारांसाठी साक्षींच्या चित्रफिती करायच्या आहेत, प्रत्येक नव्वद सेकंदांची. त्यापलीकडे कुणी बघत नाही, हे मला टूथपेस्टनं शिकवलंय.

पहिली साक्ष गोजामावशींची घेतली. ऑफिसच्या कॅमेऱ्याबरोबर माझा मोबाईलही लावून ठेवला होता, सवयच आहे ती. मावशी सांगोल्याकडच्या धनगर. मेंढरं, दारुडा नवरा, दुष्काळात विकलेला कळप, सगळं सांगितलं. मग बिरुदेव. त्यांचा एकुलता एक पोरगा, तापानं गेला. डाव्या हातावर त्याचं नाव गोंदलेलं आहे, ते कॅमेऱ्याला दाखवलं. त्यांनी त्यांच्या देवाला नवस बोलला, मिशनच्या बाईंनी आपल्या देवाची प्रार्थना केली. कुणीबी ऐकलं न्हाय, म्हणाल्या, दोगंबी बहिरं निघालं. मग त्या इथं आल्या आणि वसतिगृहाच्या पोरींना भाकरी थापता थापता जगल्या.

सर म्हणाले, पोराचा भाग काढ. उत्तर न मिळालेली प्रार्थना पडद्यावर शोभत नाही, बघणाऱ्याची आशा मोडते. मी थोडी कुरकुर केली. पण दात पडलेला माणूस टूथपेस्टच्या जाहिरातीत मीही कधी दाखवला नव्हता. काढला. फीत सुरेख झाली.

सोमवार, १७ फेब्रुवारी

मावशी आज गात होत्या. भाकऱ्या भराभर थापत होत्या आणि चेहरा एकदम कोवळा दिसत होता. मी जवळ बसले तेव्हा त्यांच्या डाव्या हाताकडे लक्ष गेलं. गोंदण नव्हतं. पुसट झालेलंही नाही, नव्हतंच. बिरुदेवाचं नाव कुठं गेलं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, कंचा बिरुदेव, ताई? मी वांझ बाई, मला कुटलं पोर?

वाटलं माझी चेष्टा करतायत. पण पोटच्या पोरावरून चेष्टा कोण करतं?

मंगळवार, १८ फेब्रुवारी

संस्थेची गाडी चालवणारे कल्लप्पा. शुक्रवारी मी त्यांच्या साक्षीतून भावाशी झालेल्या जुन्या भांडणाचा भाग काढला होता, कारण तो लांबत होता. आज दुपारी त्यांचा भाऊ जेवणाचा डबा घेऊन फाटकाशी उभा होता. कल्लप्पांनी त्याला नमस्कार केला आणि कुणाला भेटायचंय म्हणून विचारलं. भाऊ आधी हसला, मग डबा तिथंच कट्ट्यावर ठेवून निघून गेला. कल्लप्पा मला म्हणाले, भला मानूस दिसतो, चुकून आला असंल.

मी जे कापते ते माणसातून जातं. लिहिताना वेडेपणा वाटतो, पण लिहिते. माझ्या हातानं जातं. घाबरले आहे, आणि त्याहून जास्त संतापले आहे.

बुधवार, १९ फेब्रुवारी

माझ्याआधी या खुर्चीवर कोण होतं, ते कुणालाच सांगता येत नाही. होतं की कुणीतरी, एवढंच म्हणतात. आज संगणकात त्याची साक्ष सापडली. चार सेकंदांची. एक माणूस याच खुर्चीवर बसून म्हणतो, मी इथे सुखी आहे. बस, संपली.

तो माणूस म्हणजे फाटकावरचे दादा.

मी खाली गेले आणि त्यांना त्यांचं नाव विचारलं. त्यांनी खिसे चाचपले, जणू ते तिथं असेल. मग गोड हसून म्हणाले, दादा म्हना की.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सरांना सगळं तोंडावर विचारलं. ते नाकारतील असं वाटलं होतं. त्यांनी मला चहा दिला आणि शांतपणे सांगितलं, की दुःख कापलं की दुःख जातं, यात वाईट काय आहे तंगी. गोजाबाई गेली कितीतरी वर्षं झोपेत रडायची, आता गाते. पाळकांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली तरी जे झालं नाही, ते या खोलीत होतं. ही कृपाच. त्यांची स्वतःचीही साक्ष अशीच छाटलेली आहे. आधी किती मोठी होती ते त्यांना आठवत नाही, पण रात्री झोप चांगली लागते म्हणाले.

मी म्हटलं, विचारलंत का कुणाला? ते म्हणाले, आजाऱ्याला विचारून औषध देत नाहीत. मी म्हटलं, माझं दुःख माझं आहे, ते कुणाच्या बापाचं नाही. चहा तसाच टाकून आले.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

मावशींना माझ्या मोबाईलवरचं अख्खं चित्रीकरण दाखवलं. त्यांनी स्वतःला रडताना पाहिलं. म्हणाल्या, ही बाई कोन? माज्यावानीच दिसती की. आणि पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, बिचारीचं पोर गेलं वाटतं.

नुसतं दाखवून भागत नाही. कापलं जिथं, जोडायचंही तिथंच.

शनिवार, २२ फेब्रुवारी

जोडलं. सर दुपारी बैठकीला गेले तेव्हा ऑफिसच्या संगणकावर मावशींची साक्ष परत घातली, नवऱ्याच्या शिव्यांसकट, मधल्या शिंकेसकट, बहिऱ्या देवांसकट. संस्थेच्या इंटरनेटवरच्या पानावर चढवून टाकली. चाळीस मिनिटं. बघू दे देणगीदारांना. कल्लप्पांच्या वेळी माझा मोबाईल चार्जिंगला होता, आणि त्यांचं मूळ चित्रीकरण सरांनी पुसून टाकलेलं आहे. दादांचंही.

रविवार, २३ फेब्रुवारी

सकाळी उपासनेआधीच स्वयंपाकघरातून ओरडणं ऐकू आलं. आयुष्यात असं रडणं ऐकलं नव्हतं. मावशी पिठाच्या परातीत पडल्या होत्या. पोर आत्ता, याच घटकेला गेल्यासारखं सगळं एकदम परत आलं होतं. पोरी भिंतीला चिकटून उभ्या होत्या. हातावरचं नाव परत उमटलं होतं, कडा लाल, ताज्या सुईच्या.

मला बघून त्या उठल्या आणि माझ्या थोबाडीत दिली. बरोबर केलं. मी हे काय करून बसले, असं वाटलं. सरांना जाऊन सांगावं, काढा परत, असंही वाटलं.

मग मावशींनी त्याच हातानं माझी मान धरली आणि कपाळाला कपाळ लावलं. म्हणाल्या, लई दुकतंय. लई. पर परत काढू नगंस. माजं हाय त्ये.

सर दारात उभे राहून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. माझ्याबद्दल दया होती.

सोमवार, २४ फेब्रुवारी

ऑफिसला नवीन कुलूप. सर म्हणाले, तू थकली आहेस तंगी, तुझाही भार हलका करू.

माझी साक्ष आत आहे. तिची प्रत माझ्याकडे नाही, तेव्हा मी स्वतःच कॅमेऱ्यासमोर होते, मोबाईल लावलाच नव्हता. मला आई गमवायची नाही. एकदा गेली ती पुरे.

पाळकसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, प्रार्थना करू. मी म्हटलं, करा, पण आधी कुलूप काढा. ते फक्त हसले. तसंच, दादांसारखं. त्यांचीही साक्ष छाटलेली, हे कळलं आणि मी परत फिरले. पुण्याला पळून काय उपयोग, फीत तर इथंच आहे. आणि पळायचं मी का?

बुधवार, २६ फेब्रुवारी

कुलूप तोडायला मावशी खलबत्त्यातला बत्ता घेऊन आल्या होत्या. कडी वाकली, तुटली नाही. कल्लप्पांनी येऊन हळूच आमचे हात धरले.

दुपारी लक्षात आलं, उपास का केले होते ते आठवत नाही. केले होते. रिकामं पोट आठवतं. कुणासाठी—

त्या दवाखान्यापुढून मुद्दाम चालत गेले. नुसती इमारत.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

मागची पानं वाचली. नऊ तारखेच्या पानावर, माझी आई म्हणून सारजाबाई नावाची कुणी बाई वारली असं लिहिलंय. अक्षर माझं आहे. वाचून मला काही होत नाही—

काही होत नाही, हेच भयंकर आहे. सर भेटले. चेहरा उजळलाय म्हणाले. मी थुंकले. त्यांच्या पायाशी. तेवढं तरी जमलं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

छान झोप लागली. नको होती.

मावशी सारखं तेच तेच सांगतायत, तुजी आय हुती, तुजी आय हुती. मी मान हलवते. परक्या माणसाबद्दल ऐकावं तसं—

शनिवार, १ मार्च

थांबा. एक राहिलंय.

एक बाई. खाटेवर, नाकात नळी. कुणीतरी पाळक डोळे मिटून लांबलचक प्रार्थना करतोय. ती नळी बाजूला करते आणि म्हणते, लई झालं तुमचं सायब, आता जरा शेंगाचटनी आना की कुटनं तरी. मी शरमेनं मेले. मी तिथं होते, खाटेच्या कडेला. हे मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. साक्षीतही नाही, लाज वाटली होती—

म्हणून ते आत नाही. कॅमेऱ्यानं ऐकलंच नाही ते. कापणार कुठून?

कोण ती, माहीत नाही. पण हसू आलं. हसता हसता रडले. खूप. पोटातून. आहे. अजून आहे. तिचीच मी, दुसऱ्या कुणाची असणार? असं तोंड असलेली बाई—

उद्या सांगणार. सगळ्यांसमोर. माणसांच्या कानात गेलेलं कुठल्या संगणकात जात नाही. शंभर डोकी आहेत, छाटा म्हणावं एकेक.

रविवार, २ मार्च

शेवटच्या बाकावर. वही मांडीवर. मावशी शेजारी.

दोन गीतं झाली. डोकं हलकं आहे, फार हलकं. सकाळी स्वतःचं नाव वहीच्या पहिल्या पानावर बघून घेतलं. सोनम. ठीक.

बाई, नळी, चटणी. बाई, नळी, चटणी—

मावशी उठल्या. सरळ पुढं गेल्या आणि कॅमेऱ्यावर स्वयंपाकघरातलं ओलं फडकं टाकलं. कुणी अडवलं नाही. सगळे हसरे.

पाळक विचारतायत, कुणाला साक्ष द्यायची आहे का. माझा हात वर आहे. दुसऱ्या हातानं लिहितेय. सरांनी खिशातून मोबाईल काढला, माझ्याकडे धरला. छोटा लाल ठिपका, चित्रीकरण चालू—

धरू दे, शंभर कान ऐकतायत. मी उठतेय. मोठ्यानं बोलणार, आणि बोलता बोलता इथंही लिहिणार. एक बाई होती, खाटेवर होती, आणि देवालासुद्धा तिनं सांगितलं, की लई झालं तुमचं, आता जरा