भिंतीवरचा कोरा चहा

२ डिसेंबर
मिळाली एकदाची खोली! उत्रोलीत, समोर भाताची कापलेली खाचरं, आणि भोरच्या कॉलेजात ग्रंथालयाची नोकरी. एस.टी.तून उतरले ती ट्रंक घेऊन थेट मालकीणबाईंच्या, रतनबाईंच्या, परड्यात. तिथं माणसं गप्प उभी. भिंतीवर कपभर कोरा चहा, शेजारी तंबाखूची पुडी. घसा सुकला होता. पाहुण्यांसाठीच असेल म्हणून गटकन पिऊन टाकला. गारढोण! कुणी रागावलं नाही, उलट एका म्हाताऱ्यानं हात जोडले. मग सगळे भराभर जेवायला बसले. मलाही पोरी, पोरी करत वाढलं. काय माणसं आहेत!

६ डिसेंबर
छातीत धडधडतंय. नवी जागा, झोप नाही, म्हणून असेल.
रतनबाईंना सांगितलं, तेव्हा सगळं कळलं. त्या दिवशी त्यांच्या यजमानांचा, सोनबांचा, दहावा होता. घाटावर पिंडाला कावळा शिवेना. हे देऊ, ते करू, सगळं बोलून झालं. शेवटी त्यांचा आवडता चहा नि तंबाखू घरच्या भिंतीवर ठेवला. तो प्यायले मी. म्हणाल्या, तू शिवलीस, पोरी, लई उपकार झालं.
अगं बाई! शरमेनं मेल्यासारखं झालं. त्या मात्र हसत होत्या.

१३ डिसेंबर
भोरला डॉक्टरांकडे गेले. छातीचा ई.सी.जी. काढला, चांगला आला. म्हणाले, चहा कमी करा, जागू नका, वेळेवर जेवा, पाणी प्या, चक्कर आली तर लगेच या. तंबाखू खाता का, असंही विचारलं. मी? हसूच आलं.
आजपासून चहा बंद. मी काही कमी हट्टी नाही.

१७ डिसेंबर
चहा सोडल्यापासून धडधड वाढलीच. रतनबाईंनी ओसरीवर सोनबांच्या जागी बसवून कोरा चहा दिला. एक घोट घेतला आणि छाती गप्प. डॉक्टरांनी सांगितलं त्याच्या अगदी उलट.
घाबरायला हवं होतं. काही वाटलं नाही.

२१ डिसेंबर
आज तंबाखू मळली. मला मळता येत नाही. चुना किती लावायचा ते अंगठ्याला ठाऊक होतं.
रतनबाई आता पोरी म्हणत नाहीत. डोक्यावर पदर घेतात आणि म्हणतात, अवो, च्या घ्या. हातांत हिरव्या बांगड्या भरल्यात.
मी चहा घेतला.

२४ डिसेंबर
सोनबा कशानं गेले, विचारलं. छातीनंच. डाक्टरनं च्या-तंबाखू सोडा म्हणून सांगितलं, त्येंनी न्हाई सोडलं. आता म्या न्हाई जाऊ द्यायची, म्हणाल्या. माझ्या छातीकडे बघत.
काळीज माझं आहे. माझंच. उद्यापासून नाताळची सुट्टी आहे, तेव्हा सगळं सोडणार.

२६ डिसेंबर
चहा नाही. तंबाखू नाही.
रतनबाई कप घेऊन दारात — रडतायत, पाया पडतायत — मी तोंड फिरवलं — धडधड — पेन हातात राहीना —

थांबली.

हलकं वाटतंय. जिंकले की!
मनगट धरलं. नाडी लागत नाही. गळ्याशीही —
काही वाटत नाही.
रतनबाई उंबऱ्यावर बसून बांगड्या उतरवतायत. म्हटलं, अहो, मी इथं बसून लिहितेय, बघा ना, मग तुम्ही कशाला —