बिनस्प्रिंगची आडवी सायकल

घेंट, बेल्जियम
रविवार सकाळ

प्रिय बाबा,

आधी कॉफी ओतून घ्या, मग वाचा. मी ठणठणीत आहे, खोलीत ऊनही येतं. आईचा गुडघा कसा आहे?

गेल्या वर्षी ड्रॉन्टनच्या दुकानात आपण आडव्या सायकली, पाठीवर रेलून पाय पुढे करून चालवायच्या, बघत होतो. तुम्ही म्हणालात, "साध्या सायकलवर खड्डा आला की माणूस ढुंगण उचलतो. झोपलेला काय उचलणार? स्प्रिंगवाली घेऊ या." मी दुकानदारासमोर हसले. "तेवढ्यासाठी तीन किलो जास्त वजन ओढणार? म्हातारे झालात का?" मग तुम्ही माझ्यासारखीच बिनस्प्रिंगची घेतलीत.

इथे माझ्या वाटेवर दोन किलोमीटर दगडी फरसबंदी आहे. रोज दात वाजतात, आणि खरंच काही उचलता येत नाही. तुमची पाठ आठवते आणि शरमेने मान वर होत नाही.

मला तुम्ही लिहिता, "मस्त पळते." आई सांगते, आपल्या विटा बसवलेल्या खडबडीत गल्लीतून तुम्ही सायकल हाताने ढकलत नेता आणि डांबरी रस्ता लागला की मग बसता.

शनिवारी येते. त्याच दुकानात जाऊ, तुमची सायकल बदलून घेऊ. या वेळी दुकानदारासमोर तुम्ही हसा.

तुमची,
हिस्के