मीनाक्षीच्या रेघेची व्यवस्था

मी, अंबादास नारायण हेर्लेकर, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा वकिली, राहणार राजारामपुरी, कोल्हापूर, माझ्या पश्चात माझ्या मिळकतीची व्यवस्था कशी व्हावी ते या मृत्युपत्राने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. ज्याला शंका असेल त्याने सोबतचा डॉक्टरांचा दाखला पाहावा, आणि दाखल्याचीही शंका असेल तर डॉक्टरांना जाऊन भेटावे. मजकूर मी सांगितला, माझी सहकारी वकील निशिगंधा हिने टाइप केला आणि प्रत्येक पान मी स्वतः ताडून पाहिले. यापूर्वी केलेली दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांची झेरॉक्स कोणाकडे निघाली, तर ती त्याच्याकडे कशी आली हे आधी विचारावे.

१. मला दोन अपत्ये आहेत. मुलगा राजस याची उचगावला जाहिरात एजन्सी आहे. मुलगी ऋता पुण्यात प्राध्यापक आहे. पत्नी मीनाक्षी हयात नाही. ती चित्रकार होती. गुळाच्या पेट्या, मसाल्याची पाकिटे, दिनदर्शिका, यांवरची चित्रे ती काढी. तिने आपल्या सर्व चित्रांचे हक्क मृत्युपत्राने मला दिले आहेत. तेव्हा ते पुढे कोणाला द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार माझा आहे.

२. राजारामपुरीतील राहता फ्लॅट आणि बँकेतील ठेवी राजस व ऋता यांना निम्मे-निम्मे. ऋताने आजवर माझ्याकडे काहीच मागितलेले नाही. जो पक्ष काही मागत नाही त्याचा मसुदा मी दोनदा वाचतो, ही माझी सवय आहे. ऋताने राग मानू नये. फ्लॅट विकायचा झाल्यास दोघांनी एकाच दिवशी, एकाच टेबलाशी बसून सह्या कराव्यात. कुलमुखत्यारपत्रावर काही करू नये.

३. माझे ऑफिस, पुस्तके आणि अशिलांच्या फायली निशिगंधाकडे जाव्यात. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणूनही मी तिलाच नेमतो. ती प्रामाणिक आहे असे माझे मत आहे, पण मत म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून तिने दरवर्षी दोन्ही मुलांना लेखी हिशेब द्यावा. हे वाक्य टाइप करताना ती थांबली. मी म्हटले, "खोडायचं असेल तर सांग." ती म्हणाली, "राहू दे, सर. तुमच्या जागी मी असते तर वर्षातून दोनदा लिहिलं असतं." म्हणून नेमणूक कायम.

आमच्या अशिलांत बहुतेक जाहिरातवाले, डिझाइनवाले आणि व्हिडिओवाले आहेत. माणसे गोड असतात. चहा पाजतात, खांद्यावर हात ठेवतात आणि "सर, नेहमीचाच फॉर्म आहे" म्हणून कागद पुढे सरकवतात. निशिगंधाने 'नेहमीचाच' हा शब्द ऐकला की चष्मा लावावा.

४. बाळासो यांच्याविषयी. हे गृहस्थ होर्डिंगचा धंदा करतात. मी पूर्वी कूळकायद्याचे दावे चालवत असे. जाहिरातीच्या धंद्यात मला यांनीच ओढले. मीनाक्षीने एका गूळ व्यापाऱ्यासाठी एका आजीचे चित्र काढले होते आणि ते त्या व्यापाऱ्याची जाहिरात सांभाळणाऱ्या बाळासोंच्या हाती देताना 'फक्त गुळाच्या पेटीसाठी, एका हंगामापुरते' असे लिहून घेतले होते. पुढल्या वर्षी तीच आजी चहाच्या, तंबाखूच्या आणि फटाक्यांच्या होर्डिंगवर चढली. खाली नाव बाळासोंचे. मी विचारायला गेलो तर म्हणाले, "वकीलसाहेब, तुमच्या मंडळींनी चित्र काढलं, पैसं घेतलं. आता ती म्हातारी माझी हाय की."

दावा केला. बरीच वर्षे चालला. निकाल मीनाक्षीच्या बाजूने लागला. त्यानंतर गावातल्या एजन्सीवाल्यांनी एकेक करून माझे ऑफिस गाठले, आणि त्यात बाळासोही होते. "आता आमच्या बाजूनं लढा," म्हणाले. गेल्या उन्हाळ्यापासून ते हापूसची पेटी घेऊन घरी येतात आणि मीनाक्षीच्या चित्रांचे काय ठरवले, असे सहज विचारतात. माझ्या पश्चात आले तर त्यांना चहा द्यावा. आंबे ठेवून घ्यावेत. सही देऊ नये.

५. त्या चित्रातली आजी म्हणजे शिरोळच्या चिमणाबाई. तेव्हा त्या म्हाताऱ्या नव्हत्या. आमच्याकडे भाजी घेऊन येत. मीनाक्षीने त्यांचा चेहरा घेऊन त्याला सुरकुत्या घातल्या. त्याआधी तिने त्यांना समोर बसवून विचारले होते. त्या म्हणाल्या, "माझं तोंड घ्या, पर गूळ चांगला असू दे म्हंजे झालं." आता त्या चित्रापेक्षाही वयस्कर झाल्या आहेत. मूळ चित्र चिमणाबाईंना द्यावे. काच फुटणार नाही अशा बेताने निशिगंधाने स्वतः नेऊन द्यावे. कुरियरने पाठवू नये.

६. आता ज्याच्यासाठी तिसऱ्यांदा मृत्युपत्र करावे लागले ते.

मीनाक्षी गेल्यावर राजसने तिची सगळी चित्रे स्कॅन करून ठेवतो म्हणून नेली. "वाळवी लागेल, बाबा," म्हणाला. मला तेव्हाच शंका आली होती, पण चित्रे जशीच्या तशी परत आली म्हणून मी गप्प बसलो. या वर्षी श्रावणात चिमणाबाईंचा फोन आला. "वकीलसाहेब, मी कुठलंबी त्याल लावत न्हाय. गल्लीतल्या बायका माझ्या नावानं बाटल्या घ्याला लागल्यात. मोबाईलात मी हसतोय, गुडघं बरं झालं म्हणतोय. माझ्यानं तर उठवत न्हाय."

मी व्हिडिओ मागवून पाहिला. आजी तीच, रेघ मीनाक्षीची. पण मीनाक्षीने तिला कधी हसवले नव्हते.

उचगावला राजसच्या ऑफिसात गेलो. चौकशी केली नाही, सरळ विचारले, "हे कुणी काढलं?"

"मशीननं, बाबा. एआयनं. म्हणजे आईचं चित्र वापरलेलंच नाही. हक्काचा प्रश्नच येत नाही."

"मशीनला तुझी आई कुणी दाखवली?"

तो खुर्चीत बसला. समोरच्या पडद्यावर आजी हसतच होती. त्याने ती बंद केली नाही, मीही सांगितले नाही. शेवटी म्हणाला, "तेलवाला गेला तर चार मुलांना कामावरून काढावं लागेल."

"आणि चिमणाबाईंच्या गुडघ्यांचं काय?"

दुसऱ्या दिवशी मी त्याला रीतसर नोटीस पाठवली. वकील म्हणून एखाद्या एजन्सीला पाठवतो तशीच, फक्त पत्ता लिहिताना आडनाव माझेच लिहावे लागले. त्याने जाहिरात काढून घेतली. तेलवाला गेला. चारांपैकी किती मुले राहिली हे मी विचारले नाही. जाहिरात खरोखर सगळीकडून गेली का, की दुसऱ्या नावाने कुठे चालू आहे, हे मात्र मी निशिगंधाकडून आठवड्याला तपासून घेत होतो.

७. म्हणून मीनाक्षीच्या चित्रांचे सर्व हक्क राजस व ऋता यांना समाईक. कोणत्याही वापराला दोघांची लेखी संमती लागेल. तिच्या चित्रांवरून, रेघेवरून किंवा धाटणीवरून कोणत्याही यंत्राला नवे चित्र काढायला शिकवू नये. जिचा किंवा ज्याचा चेहरा चित्रात आहे ती व्यक्ती हयात असेल तर तिलाही समोर बसवून विचारावे. 'आजच्या व यापुढे निघणाऱ्या सर्व माध्यमांत' हे शब्द ज्या करारात असतील त्यावर सही करू नये. या अटी मोडल्यास मोडणाऱ्याचा हिस्सा दुसऱ्याकडे जाईल.

८. वरील मजकूर झाल्यावर दिवाळीआधी चिमणाबाईंचा पुन्हा फोन आला. म्हणाल्या, "तुमचा ल्योक आलता. आमच्या गल्लीत दारोदार फिरला. ही बाई त्याल लावत न्हाय, ते माझ्या मशीननं केलं, बाटल्या परत द्या, म्हणून सांगत हुता. बायका लई बोलल्या त्याला."

"तुम्ही बोलावलं होतं?"

"न्हाय की. मला वाटलं तुम्हीच लावून दिलासा."

मी पाठवले नव्हते. नोटिशीतही तसे मागितलेले नव्हते. म्हणून खात्रीसाठी गल्लीतल्या आणखी दोन घरी फोन केले. एका बाईने सांगितले, त्याने बाटली घेऊन पैसे दिले आणि पाणी मागितले. दुसरीने सांगितले की तो बोलताना खाली बघत होता. राजस माझ्याकडे त्यानंतर तीनदा येऊन गेला. यातले एक अक्षर बोलला नाही.

मीनाक्षीचे चित्रे काढायचे लाकडी टेबल, तिचे ब्रश आणि राजस लहानपणी झोपलेला असताना तिने काढलेले त्याचे पेन्सिलचित्र, हे सर्व राजसला द्यावे.

निशिगंधाने विचारले, "सर, या कलमाला अट घालायची राहिली का?" राहिलेली नाही.

स्थळ : कोल्हापूर
दिनांक : ४ नोव्हेंबर २०२५

(सही) अंबादास नारायण हेर्लेकर

साक्षीदार. आम्हा दोघांना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही, याची लिहून देणाऱ्यांनी सहीपूर्वी दोनदा खात्री करून घेतली. त्यांनी सर्व मजकूर आमच्यासमोर मोठ्याने वाचला व आमच्या डोळ्यांदेखत सही केली. कलम ८ वाचताना त्यांचा आवाज थांबला. तब्येत ठीक आहे का असे विचारता, "ठीक आहे, नोंद करा," असे म्हणाले. त्याप्रमाणे नोंद केली आहे.

(सही) डॉ. वर्षाराणी घाटगे, राजारामपुरी
(सही) आकाराम ज्ञानू चौगले, निवृत्त शिक्षक, मुरगूड